मागची बाजू

दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीत कवळीवाले एकटेच चोवीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवत होते. दुपारचा डबा बारा मिनिटांत संपे. सुट्टीची उरलेली अठरा मिनिटं त्यांची स्वतःची. तेवढ्यात ते कवळीच्या गुलाबी मेणाचा लिंबाएवढा गोळा घेत आणि कोरणीने त्यातून काहीतरी काढत: जांभई देणारा पोस्टमन, एकमेकांकडे पाठ करून झोपलेलं जोडपं. वस्तू बोटांत फिरवून सगळीकडून बघत, एखादी सुरकुती वाढवत आणि सुट्टी संपली की मेण पुन्हा भांड्यात. ठेवायचं कशाला, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

मग हे मेहुण्याला कळलं.

बायकोचा हा धाकटा भाऊ स्वतः काही करत नसे. पण दुसऱ्याने केलेल्याचं काय करावं, हे त्याला नेमकं कळे. एका दुपारी तो दाढ दाखवायला आला आणि मागच्या खोलीत डोकावला. टेबलावर अंगठ्याएवढी बाई पलंगाखाली वाकून चपला शोधत होती.

"भावोजी, हे तुम्ही केलंत?"

"हो. सरक जरा, वितळवायचंय."

"वितळवायचंय? ताईला सांगू का, यांचं डोकं फिरलंय म्हणून?"

त्याने फोटो काढला आणि फोनवरून चारचौघांत टाकला. संध्याकाळपर्यंत तीनशे चौदा लोकांना बाई आवडली. कवळीवाल्यांनी जेवणाआधी फोन चार वेळा पाहिला, जेवताना दोनदा.

"पानात वाढू का तो?" बायकोने विचारलं.

लोकांनी सूचनाही केल्या. बाई हसरी हवी होती. चपला शोधण्यातून समाजाने काय घ्यायचं? कवळीवाल्यांनी मनावर घेतलं. त्यांनी दोन तळहातांवर तोललेली पृथ्वी कोरली, मग मुलीचा चेहरा असलेलं झाड, मग पृथ्वीला कवटाळलेलं झाड. महिन्याभरात एकवीस नग झाले. मेण आता मेहुणा आणून देई. त्याने वाचनालयाचं सभागृह ठरवलं, प्रमुख पाहुणे ठरवले आणि कवळीवाल्यांना असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की वरून दिसणारा देखावा त्यांनाही आवडू लागला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका नवी कवळी घेऊन परत आल्या.

"दिसते मी छान," त्या म्हणाल्या. "फोटो काढायला तर फारच छान. फक्त चावता येत नाही."

कवळीवाल्यांनी त्यांच्या दातांमध्ये निळ्या शाईचा पातळ कागद धरला आणि चावायला सांगितलं. पुढच्या दातांवर निळे ठिपके उमटले. दाढा कोऱ्या. वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये दीड मिलिमीटरची फट होती. त्यांची कधी गाठच पडत नव्हती. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"मागे बघायचं राहून गेलं वाटतं," बाई म्हणाल्या. "माझी मुलं असंच करायची. पहिलं पान मोत्यासारखं, पुढे नुसत्या रेघोट्या."

दोन दिवसांची मुदत मागून त्यांनी बाईंची माफी मागितली. बाई गेल्यावर कपाट उघडलं आणि एकवीस नग टेबलावर मांडले. मग एकेक उलटा केला. झाडाला मागून साल नव्हती. मुलीच्या डोक्याला मागची बाजूच नव्हती. सगळे मागून भिंतीसारखे सपाट, कारण फोटो कुणी मागून काढत नाही. त्यांनी मेणाचा ताजा गोळा हातात घेतला. आधी हात आपोआप चाले. आता तो थांबून विचारत होता, उजेड कुठून पडेल? अठरा मिनिटं गेली. गोळा गोळाच राहिला. कवळीवाले पहिल्यांदाच घाबरले.

दुसऱ्या दिवशी ते सभागृहात सगळ्यांच्या आधी पोचले आणि एकवीसच्या एकवीस नग त्यांनी पाठमोरे लावले. लाज वाटेल, कुणीतरी विचारेल, मग सगळं सांगून मोकळे होऊ, असा त्यांचा हिशेब होता.

कुणी विचारलं नाही. प्रमुख पाहुणे पहिल्या नगासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "काय धाडस आहे! कलावंताने इथे बोलायचंच नाकारलंय." मागच्या माणसांनी माना डोलावल्या. एका बाईंचे डोळे भरून आले. मेहुणा कानाशी येऊन कुजबुजला, "भावोजी, आधी सांगायचं तरी. किंमत दुप्पट लावली असती."

भाषणं सुरू झाली. "मौनाचा शिल्पकार" हे शब्द कवळीवाल्यांच्या कानांवर तीनदा आले. तिसऱ्या वेळी त्यांनी तळहातांवरची पृथ्वी उचलली, शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची गाठली आणि खिशातली कोरणी काढली. तळहात मनगटांपाशीच संपले होते. एवढी पृथ्वी उचलायची म्हणजे माणसाने कोपरं पोटाशी घट्ट टेकवली असणार. कंबर दुखत असणार. त्यांनी मेण खरवडायला घेतलं.

माइकवरून पुकारा झाला. लोक माना वळवून त्यांना शोधू लागले. मेहुणा धावत आला.

"भावोजी, चला. सत्कार."

"तूच घे."

"अहो, काय करताय हे? विकलंय ते."

"हे हात कुणाचे आहेत ते बघतोय."

मेहुण्याने व्यासपीठाकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं आणि शर्ट नीट केला. व्यासपीठावर जाऊन त्याने पुष्पगुच्छ अतिशय नम्रपणे स्वीकारला आणि कलावंत किती अबोल असतो, यावर तो वीस मिनिटं बोलला.

तोवर कवळीवाल्यांना एक कोपर सापडलं होतं. दुसऱ्यापाशी मेण कमी पडत होतं. त्यासाठी त्यांनी पृथ्वीचा थोडा तुकडा काढून घेतला.