भूमितीबाईंची तक्रार

शाळेत त्यांना सगळे भूमितीबाईच म्हणत. डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, उजव्यात यंत्र होतं. दहावीचे, बोर्डाचे वर्ग त्या बरीच वर्षं घेत होत्या आणि निकालाबद्दल कधी कुणी ब्र काढला नव्हता.

नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी हे वर्ग एका तरुण शिक्षकाला दिले. बाईंनी कारण विचारलं.

"पालकांना जरा काळजी वाटते," मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्हालाही त्रास कमी."

"कुठल्या पालकांना?"

त्यांनी हसून विषय बदलला.

बाईंनी संस्थेकडे लेखी तक्रार केली. पुढच्याच आठवड्यात त्यांचे तास सुतारकामाच्या खोलीशेजारच्या वर्गात टाकले. भिंतीपलीकडे रंधा आणि करवत सुरू झाली, की यंत्रातून नुसती खरखर ऐकू यायची. मुलं काय विचारतायत ते कळेना. शिवाय दर थोड्या दिवसांनी पर्यवेक्षिका मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या, आणि "विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत नाहीत" असा शेरा मारून गेल्या. मग नोकरीतून कमी का करू नये, अशी नोटीस आली.

नणंद घरी आली होती. तिने नोटीस वाचली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या कानात यंत्र आहे, पण त्यांच्या कानात बोळे आहेत. तू वकील गाठ."

वकीलबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकू येत नाही म्हणून वर्ग काढले, हा भेदभाव. तक्रार केली म्हणून छळ केला, हा सूड. पहिलं सिद्ध करणं कठीण आहे. माणसाच्या मनात काय होतं, ते दाखवायचं कसं? कुणी त्यांना तसं बोलताना ऐकलंय?"

ऐकलं होतं. "बहिऱ्या बाईला बोर्डाचे वर्ग कशाला?" हे मुख्याध्यापकांचं वाक्य चित्रकलेच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं होतं आणि त्यांनीच ते बाईंना सांगितलं होतं. बाई त्यांच्या घरी गेल्या.

सरांनी चहा दिला. "माझी नोकरी अजून कायम नाही," ते म्हणाले. "मी तेव्हा बोललो, ते विसरा."

"विसरायला ते मी कुठे ऐकलंय? ऐकलं तुम्ही," बाई म्हणाल्या आणि उठल्या. रस्त्यात त्यांना रडू आलं. सरांचा राग होताच, पण त्यांच्या जागी आपण काय केलं असतं, याचं उत्तरही त्यांना छातीठोकपणे देता येईना.

बाईंनी शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. सुनावणीला शाळेने पर्यवेक्षिकांना साक्षीसाठी आणलं. दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. बाईंनी आशा सोडली.

वकीलबाईंनी विचारलं, "एरवी एका शिक्षकाचा तास तुम्ही वर्षातून किती वेळा तपासता?"

"एकदा. फार तर दोनदा."

"आणि यांचा?"

"त्या सत्रात जवळजवळ दर आठवड्याला."

"तुम्हाला तसं वाटलं म्हणून?"

पर्यवेक्षिकांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी खाकरून घसा साफ केला.

"मला तसं सांगितलं होतं."

"कुणी? कधी?"

"मुख्याध्यापकांनी. तक्रारीबद्दल संस्थेचा फोन आला, त्यानंतर. खोलीही तेव्हाच बदलली. मी म्हटलं होतं, तिथे करवतीचा आवाज असतो. ते म्हणाले, बघू या."

शाळेचे वकील कागद चाळू लागले. बाईंनी नणंदेचा हात घट्ट धरला. ऐकलं ते बरोबरच ऐकलं ना, हे त्यांना विचारायचं होतं. नणंदेने नुसती होकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर बाई पर्यवेक्षिकांपाशी गेल्या. "आभार मानायला आले."

"मानू नका. मी तुमच्या बाजूने बोलले नाही. विचारलं ते सांगितलं. आणि ते शेरे मीच लिहिलेत, तेही लक्षात असू द्या." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

निकालात सूड सिद्ध झाला. नोटीस रद्द झाली, खोली परत मिळाली, आणि संस्थेने आपणहून बोर्डाचे वर्गही परत दिले. भेदभावाचा पुरेसा पुरावा नाही, असं मात्र निकालात स्पष्ट लिहिलं होतं.

नवऱ्याने पेढे आणायची भाषा केली. बाई म्हणाल्या, "थांबा हो. त्यांनी मला छळलं हे न्यायाधिकरणाला पटलं, पण मुळात वर्ग का काढले हे नाही पटलं."

"नोकरी तर वाचली."

"वाचली. ते आहेच."

वकीलबाईंनी अपिलाचं विचारलं. मुदत होती. चित्रकलेचे सर अजूनही बोलायला तयार नव्हते. जिन्यात समोर आले की ते बाजूला होऊन वाट देत.

"आधी वर्तुळाचा धडा संपवते," बाई म्हणाल्या. "मुलांचं फार मागे पडलंय. मग सांगते."

सोमवारी त्या वर्गात गेल्या. तरुण शिक्षकाने अर्धवट शिकवलेली स्पर्शिका त्यांनी फळ्यावर पुन्हा पहिल्यापासून काढली.