चौथा आठवडा

सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई मघापर्यंत बोलत होत्या. आता एकाच जागी त्यांनी तिसऱ्यांदा यंत्र फिरवलं, तेव्हा काजलनं मान वळवून पडद्याकडे बघितलं. पाचवा महिना लागला होता. नवरा, ऋषिकेश, शेजारीच उभा होता.

"बाळाचा कणा खाली उघडा राहिलाय," त्या म्हणाल्या. "गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच तो मिटतो. बाईला तेव्हा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. कुठली औषधं चालू होती?"

"काहीच नाही," ऋषिकेशच बोलला.

काजल छताकडे बघत राहिली. उमरेडहून सासरी निघताना आईनं शिवणाच्या डब्यात, सुयादोऱ्यांखाली गोळ्या ठेवल्या होत्या. "कोणाले सांगू नको वं, लग्न मोडन." संपत आल्या की ती माहेरून नव्या घेऊन यायची. दोन वर्षांत तिनं एकही दिवस चुकवला नव्हता. म्हणून तर कुणाला काही दिसलं नव्हतं.

"मी गोळ्या घेते," ती म्हणाली. "मिरगीच्या."

गोळीचं नाव ऐकून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "या गोळीनं असं होऊ शकतं. पण ती मनानं एकदम बंद करू नका, झटके जिवावर बेततील. मेंदूच्या डॉक्टरांना आजच भेटा. बाळाचं काय करायचं ते तपासण्या झाल्यावर तुम्ही दोघं ठरवा. वेळ थोडा आहे."

त्यांनी दिलेली चिठ्ठी ऋषिकेशनं खिशात घातली. मेंदूचे डॉक्टर तिथंच धंतोलीत, दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून होते. पण त्यानं गाडी सरळ शहराबाहेर वाडीला, आपल्या खोलीवर आणली.

"काहून नाही सांगितलं मले?"

"आई म्हणे..."

"गोळ्या कुठी हायेत?"

तिनं डबा दिला. त्यानं एकेक गोळी न्हाणीत टाकली आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

"एकदम बंद नका करू म्हणाल्या ना त्या."

"माह्या लेकराच्या अंगात आता जहर नाही जाणार." तो रडत होता, हे तिला तेव्हा दिसलं. तिनं डबा उचलून फळीवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऋषिकेश कामावर, गोदामात होता. ती पोळ्या लाटत होती, आणि डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. तिनं गॅस बंद केला. दाराची कडी काढली. शेजारच्या गोपिकाबाईंना हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग ती फरशीवर कुशीला आडवी झाली आणि उजवा हात तिनं पोटावर घट्ट धरला.

आत बाळ हललं. त्यानंतर तो हातही तिच्या ताब्यात राहिला नाही.