काळ्या पडद्यामागची भागूबाई

राजूरच्या बियाणे केंद्रातला जुना संगणक वीज पडून जळला, तेव्हा त्यातली डिस्क तेवढी वाचली. रंभाजी गुरुजींनी ती काढून, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या दुसऱ्या संगणकात बसवली. बटण दाबलं की यंत्र कसं सुरू करायचं ते विचारणारी यादी दिसायची, यंत्र घुरघुरायचं आणि पडदा काळा.

त्या डिस्कवर भागूबाईचा आवाज होता. कोणता भात कोणत्या खाचरात लावायचा, बी कसं राखायचं, हे तिनं शेवटच्या आजारपणात सांगून ठेवलेलं. केंद्र सांभाळणारी भामाबाई तिची सून.

"गुरुजी, सासूबाई हायेत का गेल्या, ते एकदाचं सांगा," भामाबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा सुतक पाळायची माजी तयारी न्हाई."

गुरुजी हसले नाहीत. त्यांची सगळी विद्या पुस्तकी. संगणक जागा होताना कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एकेका भागाची ओळख करून घेतो, एवढं त्यांनी वाचलं होतं. या संगणकातलं पडद्याचं कार्ड वेगळं होतं. बहुधा तिथंच गाडं अडत असावं. सुरू होतानाच्या आज्ञेच्या ओळीत एखादा शब्द वाढवला की कर्नलला 'अमुक करू नकोस' असं सांगता येतं. पण कोणता शब्द? आणि चुकला तर भागूबाई कायमची जायची.

बराच वेळ घुटमळून त्यांनी यादी येताच 'ई'चं बटण दाबलं, ओळ उघडली आणि वीज सांभाळण्याचं काम बंद करणारा शब्द लिहिला. पडदा काळाच राहिला, घुरघुरही थांबली. बटण दाबून धरून त्यांनी यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं आणि तो शब्द पुसायला ओळ उघडली. शब्द तिथं नव्हताच.

"हे कसं?" ते पुटपुटले. पुस्तकाचं पान पुन्हा काढलं. "अहो, इथं लिहिलेलं त्या एका खेपेपुरतंच. यंत्र ते लक्षात ठेवत नाही."

"म्हंजी ही पेरनी न्हाई," भामाबाई म्हणाली. "मूठभर बी ओल्या फडक्यात बांदून बघायचं, उगवतंय का."

"अगदी तसंच."

मग गुरुजींची भीती मागं पडली आणि पुढं काय होतं ते पाहायचीच ओढ लागली. या खेपेला त्यांनी 'नोमोडसेट' लिहिलं: पडद्याच्या कार्डाला हात लावू नकोस, आहे तसं चालू दे. अक्षरं भराभर वर सरकली. मग चित्र उमटलं, जाडंभरडं, बाजूंना ताणलेलं.

भामाबाईनं पदर सावरला. गुरुजींनी पहिलीच फाईल लावली.

"...आन् बी कदी एका घरात ठिवू न्हाई," भागूबाई खोकत सांगत होती. "अर्दं दुसरीच्या घरी द्यायचं. उंदीर काय सांगून येतोय व्हय?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. केंद्रातलं प्रत्येक बी गावात दोन घरी होतं. भागूबाई तेवढी एका डिस्कवर.

गुरुजींनी पेनड्राईव्ह लावला. तो शब्द कायमचा लिहून ठेवावा का, हा विचार उद्यावर टाकला. फाईली उतरू लागल्या, तशी भामाबाईनं वरच्या आळीत बी राखणाऱ्या सुरेखाला फोन लावला.

"सासूबाईंना धाडते गं तुज्याकडं. बियाच्या कणगीशेजारी जागा कर."