सह्या दोनशे बारा, प्रवासी सात

शिवणवाल्या मावशींना मशीनपाशी सहा तास बसवा, हूं की चूं करणार नाहीत. पण सहा पावलं चालायला सांगा, की प्रत्येक पावलाला देवाचं नाव. अशा बाईला आठवड्यातून तीनदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, थोरल्या बहिणीपाशी नेऊन सोडायची ती नऊ नंबरची बस. ताईंचं डावं अंग लुळं पडल्यापासून त्या तिकडच्या वृद्धाश्रमात होत्या. देवाने जीभ मात्र शाबूत ठेवली होती, तीही धार लावून. मावशी जायच्या, ताईंची वेणी घालायच्या, दोन भजनं म्हणायच्या आणि सूर कुठे घसरला ते ऐकून परत यायच्या. दोघींचा जीव त्यावर तगून होता म्हणा ना!

आणि एके दिवशी थांब्यावर कागद चिकटला. सोमवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मोजणी होणार. या थांब्यावर चाळीसहून कमी माणसं चढली, तर बस वस्तीत वळणार नाही, मोठ्या रस्त्यानेच सरळ जाईल. मोठा रस्ता तिथून अर्ध्या तासावर. म्हणजे धडधाकट माणसाच्या अर्ध्या तासावर.

मावशींनी हेडमास्तरांचं दार ठोठावलं. हेडमास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण निवृत्त शाळा झाली होती, ते नव्हे. ऐकता ऐकताच त्यांनी समिती काढली, अध्यक्षपद घेतलं आणि म्हणाले, "मावशी, काळजी सोडा. असं निवेदन देऊ, की साहेब लोक उभे राहून वाचतील!"

सोमवारी आठच्या ठोक्याला थांब्यावर टेबल लागलं, अगदी रांगेच्या तोंडाशी. पेनं कुणी खिशात घालून नेऊ नयेत म्हणून मावशींनी प्रत्येक पेनाला दुहेरी दोरा ओवून टेबलाला टाचलं होतं. थोड्या अंतरावर घडीच्या खुर्चीवर मोजणीचा कारकून बसला. त्याच्या हातात एक छोटं यंत्र. माणूस बसमध्ये चढला की टिक, आकडा एकाने पुढे.

"सही केल्याशिवाय कुणी जायचं नाही!" हेडमास्तर गरजले. "नाव, पत्ता, आणि बस का हवी याच्या तीन ओळी. खाडाखोड झाली तर नवा कागद."

लोक बिचारे लिहायला बसले. बस आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"थांबा हो, दुसरी ओळ चाललीय!" कुणीतरी ओरडलं.

ड्रायव्हर दोन मिनिटं थांबला, कपाळावर हात मारला आणि गेला. दुसऱ्या बसची तीच गत. तिसरीच्या वेळी केस कापणारा दादा पळत सुटला, तर हेडमास्तरांनी त्याला दंडाला धरून आणलं. "पत्ता अपुरा आहे तुझा!" मावशींची स्वतःची दुपारची बसही हुकली, त्या तेव्हा तुटलेला दोरा ओवत होत्या.

पाच वाजता हेडमास्तरांनी गठ्ठा उंच धरला. "दोनशे बारा सह्या!" टाळ्या पडल्या. वस्तीतली तीसेक माणसं भाषणाला थांबलेली.

कारकून हळूच मावशींपाशी आला. माणूस भला होता. "मावशी, माझ्याकडे सात झालेत."

"सात काय?"

"चढलेले. बस आली की तुम्ही सगळे लिहीत बसता. सह्यांचा रकाना माझ्या तक्त्यात नाही हो. आता एकच बस उरली, पाच वीसची."

मावशींनी तो आकडा सगळ्यांना ओरडून सांगितला. टाळ्या तिथल्या तिथे विरल्या.

"सोपं आहे," केस कापणारा दादा म्हणाला. "या दाराने चढायचं, त्या दाराने उतरायचं, परत चढायचं. दहा जणांत काम होतं."

"नको रे बाबा," मावशी म्हणाल्या. "देव बघतो."

"कारकूनही बघतोय," कारकून म्हणाला.

"पण मावशी, आम्हाला तिकडे काम काय?" हेडमास्तर म्हणाले. "नुसतं आकड्यासाठी चढणं हीही लबाडीच."

तेवढ्यात कोपऱ्यावर बस वळली. मावशी स्टुलावर चढल्या. गुडघ्यांना कळायच्या आत चढल्या. "काम आहे! माझी ताई तीन वर्षं खाटेवर आहे. माझ्याशिवाय तिथे कुणी फिरकत नाही. आजाऱ्याला भेटायला जाणं लबाडी असेल, तर पुण्य कशाला म्हणायचं, सर? चढा सगळे!"

आणि चढले की हो! टिक, टिक, टिक. मावशींनाच चौघांनी उचलून आत घेतलं. कारकून मोठ्याने मोजत होता. "अडतीस... एकोणचाळीस..."

आता खाली उरले फक्त हेडमास्तर. गठ्ठा छातीशी धरून पुढच्या बंद दारावर थापा मारत होते.

"मागून, सर! मागून चढतात!" सगळी बस ओरडली.

"असं केव्हापासून?"

"पहिल्यापासून!"

तेव्हा सगळ्यांना उमगलं, की अध्यक्ष या बसमध्ये जन्मात बसलेले नाहीत. त्यांची स्कूटर होती. ते मागच्या दाराने चढले, आणि कारकुनाने हसू दाबत शेवटचं टिक केलं.

वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत खुर्च्या दोन. दारातून माणसं येतच राहिली. भिंतीला टेकली, खिडकीत बसली, उरलेली व्हरांड्यात. ताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बहिणीला जवळ बोलावलं.

"धाकटे, खरं सांग. मी गेले का?"

"अगं ताई, काहीतरीच काय!"

"मग एवढी गर्दी? आणि हे कागदवाले कोण? मृत्युपत्र मी करणार नाहीये, आधीच सांगते."

खोली हसून हसून गदगदली. ताईही हसल्या, अर्ध्याच तोंडाने, पण तीन वर्षांत प्रथमच. मग दरडावलं, "अशी सगळी एकदम येऊ नका. एका वेळी दोघं. आणि गाणारा कुणी असेल तर त्याला आधी पाठवा, हिच्या सुरांना मी कंटाळलेय."

हेडमास्तरांनी सह्यांचा गठ्ठा तिथेच उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पाळ्या आखायला घेतल्या.

पंधरा दिवसांनी कागद आला: पुढच्या मोजणीपर्यंत बस वस्तीत वळत राहील. त्या दुपारी मावशी थांब्यावर गेल्या, तर पाळीप्रमाणे हेडमास्तर आधीच हजर. बस आली. ते अदबीने बाजूला सरले.

"आधी तुम्ही, मावशी."

"सर," मावशींनी त्यांना पाठीत हलकेच ढकललं, "मोजणी पुन्हा होणार आहे. मुकाट्याने चढा!"