टाच आणि लाल दोरा

लाल दोरा हलत होता. दोन खुर्च्यांच्या पायांना बांधून एलिनानं तो जमिनीच्या जरासा वर ताणला होता आणि वाडीतून वाऱ्याची झुळूक आली की तो थरथरे, मग पुन्हा सरळ होई... जणू काही झालंच नाही. आईच्या, सालोमीच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा. याच रिळाच्या दोऱ्यानं तिनं परवा उशांच्या अभ्र्यांना टीप घातली होती, लेकीच्या लग्नाच्या उशा. पीठ मळता मळता ती स्वयंपाकघराच्या दारातून त्या दोऱ्याकडे बघत होती, आणि पीठ केव्हाच मळून झालं होतं.

ओटीवर सकाळपासून जत्रा होती. एलिना फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला, आणि कॉलेजसाठी तिला निरोगी माणसांच्या पोटऱ्या मोजायच्या होत्या – म्हणजे भिंतीला नुसती बोटं टेकून एका पायावर उभं राहायचं, गुडघा ताठ ठेवायचा, आणि टाच इतकी उचलायची की पावलाचा वरचा भाग दोऱ्याला लागेल. खाली, पुन्हा वर, जोवर जमेल तोवर. ताल चुकू नये म्हणून चर्चच्या कॉयरमास्तरांचं टिकटिक करणारं यंत्र मागून आणलेलं. अख्ख्या सांडोर गावात एवढा शहाणा कार्यक्रम कधी झाला नसेल. वाडीत फुलं तोडायला येणारी शकू तर पदर खोचून उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी एलिनाच्या आधी स्वतःच ओरडली, "लागला!"

"शकूमावशी, खोटं नको गं. कुठे लागला?"

"माझ्या मनात लागला. तू लिव."

सगळे हसले. सालोमीही हसली, आतून, पिठाच्या हातांनी. आणि हसता हसता तिनं डावा पाय हळूच उजव्याच्या मागे घेतला, जसा कुणी बघू नये म्हणून फाटका पदर मागे घ्यावा.

कारण तिला ठाऊक होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं... गेल्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, पहाटे, सोनचाफ्याखाली. वरच्या फांदीवर कळी होती, हात उंचावला, चवड्यांवर उभं राहायला गेली – आणि उजवी टाच उचलली, डावी तिथेच. दुखलं नाही, मुरगळलं नाही. नुसतं सांगितलेलं टाचेनं ऐकलंच नाही. ती कितीतरी वेळ तशीच हात वर करून उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं लांब काठीला आकडी बांधली आणि नवऱ्याला म्हणाली की झाडं फार वाढली हो यंदा. तो म्हणाला, खत चांगलं होतं.

सॅन्टनचंही असंच सुरू झालं होतं. तिचा थोरला भाऊ, होळी गावातल्या माहेरच्या घरात आता खिडकीशी पडून असतो. पण तेव्हा तो धडधाकट होता, आणि जिना चढताना एक पाय फरफटू लागला तेव्हा त्याच्याबरोबर मुंबईच्या डॉक्टरांकडे सालोमीच गेली होती. डॉक्टर सभ्य माणूस. हे घराण्यातून उतरतं, म्हणाले. वडिलांना होतं का? बाकीच्यांनीही तपासून घ्या, मुलाबाळांनीसुद्धा. घरी आल्यावर आईनं – इझाबेलनं – सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "सॅन्टन माडावरून पडला. समजलं? मुली उजवायच्या आहेत." त्याआधी वडील विहिरीच्या काठावरून पडले होते. या घरात माणसं आजारी होत नसत, पडत. चार गावांतच सोयरिकी करायच्या, प्रत्येकाला प्रत्येकाची आत्या ठाऊक. तिथे पडलेल्या माणसाची कीव करतात, पण उतरणाऱ्या दुखण्याच्या घरात मुलगी मागायला कोण येतं? आईचं चुकलं असं सालोमीला तेव्हा वाटलं नाही. तिचं स्वतःचं लग्न त्यानंतरच तर झालं.

आणि येत्या रविवारी मिस्साच्या वेळी एलिनाची आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, जॅक्सनची, नावं लग्नासाठी पहिल्यांदा वाचली जाणार होती. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावी, असं फादर दरवेळी म्हणतात, आणि लोक दरवेळी खोकतात.

"मम्मी, ये ना. तूच राहिलीस."

ओटी रिकामी झाली होती. शकूही गेलेली.

"मला कशाला? माझं काय मोजायचं आता?"

"असं काय करतेस? रोज वाडीत उभी असतेस, तू सगळ्यांना मागे टाकशील. ये."

नाही म्हणावं – तर का नाही? हो म्हणावं, तर... तिनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पोटची पोर, हिला आपण चालायला शिकवलं, याच ओटीवर, दोन्ही बोटं धरून. आता ती गुडघे टेकून खाली बसली होती आणि आईचं पाऊल दोऱ्याखाली नीट ठेवत होती. हात किती हलके झालेत हिचे, सालोमीला वाटलं. रोग्यांना बरं वाटत असेल.

उजवा पाय झाला. एलिना खूश. मग डावा.

टिक. तिनं सगळा जीव टाचेत नेला. टाच जमिनीवर होती. टिक. तिनं अंग पुढे झोकलं, गुडघा वाकवला, खांदा वर नेला. सगळं वर गेलं, टाच सोडून. दोरा स्तब्ध. टिक... आणि ते यंत्र काही थांबेना, ज्याच्या तालावर नाताळची गाणी बसवतात ते मेलं कुणासाठी थांबेना. तिला रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं आणि तेही पोटरीपायी, म्हणून तिनं ते गिळलं.

"गुडघा वाकवू नको, मम्मी." मग यंत्र बंद झालं. एलिनानं डाव्या पोटरीवर हात फिरवला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. "हा पाय बारीक आहे गं." तिनं वर बघितलं. "कधी पडली होतीस का?"

प्रश्न तिनंच विचारला. उत्तर आयतं ताटात वाढून ठेवलेलं.

"हो," सालोमी म्हणाली. "शिडीवरून. चाफा तोडताना."

"कधी? मला कसं माहीत नाही?"

"तू लहान होतीस."

"मामा माडावरून, तू शिडीवरून. काय माणसं आहात गं तुम्ही." एलिना हसली आणि कागदावर आडवी रेघ मारली. "मग तुझं धरता येत नाही मला. हे फक्त निरोगी माणसांचं आहे."

आता सांगावं. आत्ता, या क्षणाला, ओटीवर कुणी नाही. डॉक्टरांचे शब्द तिला पाठ होते, इतकी वर्षं ती ते मनात जपमाळेसारखे ओढत आली होती. नुसतं तोंड उघडायचं... पण मग पुढे काय? पोर म्हणेल, औषध काय? औषध नाही. पोर म्हणेल, जॅक्सनला सांगायचं का? आणि मला आहे का, असं ती विचारेल, आणि त्याला उत्तर नाही. तपासल्याशिवाय कुणाकडेच नाही, आणि तपासलं तरी त्याचं करायचं काय. न सांगणं हे पाप, आणि सांगणं हे... त्याला शब्द नव्हता. तिनं तोंड उघडलं.

"एक माणूस कमी पडला," एलिना चपला काढत म्हणाली. "माझंच करते. कॉलेजात सगळ्यांचं मी मोजलं, माझं राहूनच गेलं. तू इथे पाटावर बस. दोऱ्याकडे बघ. लागला तर लागला म्हण, नाही तर नाही म्हण. शकूमावशीसारखं करू नकोस."

सालोमी बसली. तिच्या डोळ्यांसमोर लेकीचं पाऊल होतं, सावळं, भरीव. अंगठ्याचं नख थेट सॅन्टनच्या वळणाचं. यंत्र सुरू झालं. टाच उचलली गेली, सहज, आणि टाचेखालून ओटीची लादी दिसली.

"लागला."

किती सुंदर उचलते. उजवा पाय झाला, मग डावा, लागला, लागला. सालोमीच्या छातीतलं काहीतरी सैल होऊ लागलं. बघा, हिला नाही. आईला आहे म्हणून काय लेकीलाही... लागला. मग एलिनाला धाप लागली, टाच जडावली. जडावणारच, सगळ्यांचीच जडावते, शकूचीसुद्धा जडावली होती. पण शकूची कशी जडावली होती? सॅन्टनची सुरुवातीला कशी? दमलेल्या पायात आणि त्या पायात पहिल्या दिवशी फरक काय असतो, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं; आणि आता ते कळायला तिच्याकडे दोन डोळे आणि एक दोरा एवढंच होतं. उद्या जॅक्सनच्या घरचा जिना हे पाऊल चढेल, मिस्साला वेदीकडे जाईल, कडेवर मूल घेऊन येईल, आणि आपण दरवेळी तोंडाकडे नव्हे, टाचेकडे बघत असू. कुणाला न सांगता. आईसुद्धा अशीच बघत असेल आपल्याकडे, भाकरी उलटता उलटता...

दोरा हलला. पाऊल होतं, की वाडीतून वारा आला होता?

"मम्मी? बघतेस ना? लागला का?"

सालोमी दोऱ्याकडे बघत राहिली. तो थरथरून पुन्हा सरळ झाला होता.

"लागला," ती म्हणाली.