आईचे गमबूट

राजहंसाचं कौतुक करणारे लोक त्याच्या मागून कधी चाललेले नसतात. मी लहानपणापासून चालते आहे. पुढून ऐट, मागून हागवण, असा हा पक्षी. दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणे. आमच्याकडचे तर पिण्याचं पाणी आणि स्वतःची शीटसुद्धा वेगळी ठेवत नाहीत.

तरी मी त्यांना पोसत होते, कारण ते आईचे होते. आई गेल्यावर तिचे कपडे आत्याने वाटून टाकले, चष्मा कुठेतरी हरवला. उरले हे हंस आणि खुराड्याच्या दाराशी उभे असलेले तिचे काळे गमबूट. कळपातला थोराड नर, फौजदार, कुणाच्याही अंगावर धावून जायचा. आई नुसता पायातला बूट त्याच्यासमोर आडवा धरायची, की साहेब बुटाच्या टोकाला चोच लावून मागे फिरायचे. ते बूट मी जागचे हलवले नव्हते.

मग बाबांनी दुसरं लग्न केलं. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. बाईंचं मशीन दुरुस्तीला आलं, पुन्हा बिघडलं, पुन्हा आलं, आणि शेवटी मशीनसकट बाईच आल्या. सोबत टोपल्यांत कोंबलेले, एकमेकांच्या अंगावर शिटलेले त्यांचे राजहंस. दुष्काळात तेरावा महिना!

"मावशी म्हण," बाबा म्हणाले. मावशी म्हणजे आईची बहीण, आणि माझ्या आईला बहीण नव्हती. मी 'अहो'वर भागवलं.

नवरदेवांचा उत्साह उतू चालला होता. "सोड सगळे एकत्र! आता घर एक झालं!"

बाईंनी टोपलीवर हात दाबून धरला. "माणसांचं झालं असेल. यांचं इतक्यात नको. माझ्या हंसांच्या पोटात काय रोग असेल, कुणाला ठाऊक? आधी वेगळे ठेवू. शीट चांगली दिसली की जाळीआड शेजारी, आणि मग मोकळ्यावर एकत्र."

वेगळे म्हणजे आमच्या मागच्या न्हाणीघरात. तिथे फरशी होती, मोरी होती. आम्ही मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पडद्याआड, भांड्यांच्या शेजारी अंघोळ करायची. रोज सकाळी बाई काडीने शीट उकरून बघायच्या, वाकून वास घ्यायच्या आणि चहा पिताना बातमी द्यायच्या, "आज घट्ट आहे हं." बाबा कौतुकाने मान डोलवायचे. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

दोन्ही कळपांचं आता बाईच बघायच्या आणि त्यांचा नियम पक्का होता. आधी आमच्या कळपाचं खाणंपाणी, मग न्हाणीघर, उलट कधीच नाही. आणि न्हाणीघराचे बूटही वेगळे, ते त्याच दाराशी राहायचे. तळव्यांच्या खाचांतून रोग इकडचा तिकडे जातो म्हणाल्या. हे वेगळे बूट कोणते, ते मला एका सकाळी दिसलं. आईचे. घोट्यापर्यंत हिरवट लगद्याने माखलेले, वर माशा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते उचलले, नळाखाली धरले आणि साबण लावून बाहेरून ब्रशने खरवडले. खाचांतली घाण नखांत गेली, दोनदा ओकारी आली. मग उन्हात वाळवून ते होते तिथे, आमच्या खुराड्याशी नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार उघडं होतं. बाई आत झाडत होत्या, अनवाणी. बोटांच्या फटींतून ते सगळं वर येत होतं.

"शी! अहो, हे काय?"

"पाय धुता येतात," त्या म्हणाल्या. "काल बूट दिसले नाहीत म्हणून यांना विचारलं. तेव्हा कुठे कळलं, ते तुझ्या आईचे. आधी म्हणाले होते, पडून आहेत, घे."

"पडून?"

"असंच म्हणाले."

"मग तुमचे स्वतःचे घालायचे ना!"

"ते तुमच्या कळपाकडचे. इथली घाण तिकडे नेऊ? तिच्या हंसांना काही झालं तर तू मला सोडशील का?"

इतके दिवस मला हंसांची किळस येत होती, बाईंची येत होती. आता बाबांची आली. पडून म्हणे! मी जाऊन आईचे बूट आणले. आत हात घातला तर कागदाचे बोळे. बाईंना ते मोठे होत असणार. बोळे काढून मी पाय घातले. अगदी मापात बसले.

"तुम्ही पाय धुवा. यापुढे फक्त आमचा कळप बघा," मी म्हणाले. "इथलं मी करते."

आणि नाक दाबून आत शिरले.

मोरी तुंबली होती. बाबांचा लाडका स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्या उस्तादांनी दिलेला, टेबलावर होता. मी त्यानेच मोरी उकरली आणि तो तसाच चहाच्या वेळी बाबांसमोर ठेवला.

"हा कुठे नेला होतास?" बाबा किंचाळले.

"पडून होता."

बाबांनी तो फडक्याने पुसायला घेतला. "बुटांचं मी तुला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. बाई खाली मान घालून बशी पुसत बसल्या.

शीट चांगली येऊ लागली. मग जाळीआडून दोन्ही कळपांनी एकमेकांना पोटभर शिव्या दिल्या. शेवटी आम्ही त्यांना मोकळ्यावर सोडलं, खाण्याची घमेली लांब लांब ठेवून.

फौजदार मान जमिनीलगत करून निघाला तो थेट बाईंच्या सगळ्यात लहानखुऱ्या मादीवर. तिची मान चोचीत धरून पंखांनी बडवायला लागला.

"थोडं होऊ दे, आपसांत ठरवतील," बाई म्हणाल्या. मग पांढऱ्या पिसांवर रक्त दिसलं आणि त्यांचा आवाज चिरकला. "अगं, मारेल तो तिला!"

मी मध्ये घुसले आणि पायातला आईचा बूट आडवा धरला.

फौजदार थबकला. मादीला सोडून त्याने बुटाकडे पाहिलं. टोकाला चोच लावली, आईसमोर लावायचा तशीच, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात घमेल्याकडे वळला. माझ्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात ती लहानखुरी मादी माझ्या पायावर चढून बिलगली आणि भीतीने अशी शिटली की बुटाच्या आत, पोटरीवरून पार तळव्यापर्यंत कोमट ओघळ गेला.

बाई पोट धरून हसायला लागल्या.

"मावशी, हसताय काय? पाणी आणा आधी!" मी ओरडले.

त्या हसायच्या थांबल्या. मग बादली घेऊन धावल्या.