शेंदराखालची जागा

शेंदराचा तो पापुद्रा नखाएवढाच होता. छिन्नीच्या टोकाने दगडावरून उडाला आणि वच्छलाबाईंच्या पायाशी येऊन पडला — वरून केशरी, आत काळपट, थरावर थर — आणि त्याच्याकडे बघताना त्यांना वाटले, आपल्याच अंगाची खपली कुणीतरी काढतो आहे आणि आपण खुर्ची टाकून बघत बसलो आहोत.

“जरा दमानं की! भिताड पाडायला लागला व्हय?”

“दमानंच करतोय अम्मा,” ओवैस म्हणाला. महापालिकेने धाडलेला, दाढीत पांढरे केस आलेला, मान वर न करता काम करणारा माणूस. “वर साहेबांचं नाव हाय. त्याचा टवका गेला तर माझी रोजी गेली.”

म्हणजे जपायचं ते साहेबाला. छावणीमागचा हा रस्ता रुंद होणार, विहीर बुजवणार, आणि शहरभर विखुरलेले थोरामोठ्यांच्या नावांचे दगड उचलून एका बागेत ओळीने उभे करणार — त्या यादीत हा दगड आला तो साहेबामुळे. बहात्तरच्या दुष्काळात साहेब जीपमधून उतरले, विहिरीच्या या दगडावरचा पडदा ओढला, पेढा खाल्ला आणि गेले. ती विहीर खणताना दरड अंगावर घेऊन तळाशी कोण राहिला, ते यादीत नाही.

“आत्याबाई, आता खालच्या अंगाला मामंजींचं नाव निघंल बघा.” सून ज्ञानेश्वरी मोबाइल सरसावून उभी होती. “फोटू काढून समद्यांना धाडते.”

नाव निघणार नव्हते. हे या गल्लीत आता दोघींनाच ठाऊक होते — वच्छलाबाईंना, आणि समोरच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या ताहेराला, जिच्या नवऱ्याने, हबीबने, हा दगड घडवला होता.

...विहिरीवरची माती अजून ओली होती — नाही, ओली कसली, त्या वर्षी ओलं काहीच नव्हतं, माझे डोळेसुद्धा — आणि हबीबभाई दारात उभा. “भाभी, साहेबांच्या नावाखाली मल्हारीभाऊचं नाव कोरतो. बारीक अक्षरात. कुणाला विचारत नाय.” आणि मी काय म्हणाले? “खाली? त्या जीपवाल्याच्या पायाशी? माझा माणूस काय त्याची चप्पल हाय? वर कोरायचं असंल तर कोर, नायतर ऱ्हाऊ दे.” बावीस वर्षांची होते, तोंडात जीभ नव्हती, कोयता होता. बायका म्हणाल्या, बाईनं कसं सुनावलं! त्या कौतुकावर मी किती दिवस काढले — आठ? दहा? — मग एका दुपारी लेकराने त्या दगडासमोर उभं राहून विचारलं, आई, बाबाचं नाव कुठाय...

त्याच संध्याकाळी तेल-शेंदूर आणला. आमच्या सोयगावकडं विहिरीत गेलेल्या माणसाचा दगड उघडा ठेवत नाहीत, असं ठणकावून सांगितलं. खरंच होती का तशी रीत? असेल एखाद्या घरात. विचारायला कोण जाणार होतं? साहेबाचं नाव उघडं ठेवलं, दुष्मन डोळ्यासमोर राहावा म्हणून, आणि खालचा भाग दर अमावास्येला लिंपत गेले. याच्या खाली तुमच्या बापाचं नाव आहे, असं पोरांना सांगितलं, सुनांना सांगितलं, दुसरी शिकलेल्या बाईने सांगितलं आणि शाळा शिकलेल्यांनी ऐकलं. पुढे रिक्षावाले नारळ फोडायला लागले. विहिरीचा बाबा म्हणायला लागले. आत पाण्याचा थेंब नाही, तोंडापर्यंत प्लास्टिक भरलेलं, तरी हात जोडतात...

टँकर यावा, असे त्यांना फार वाटले. आठ दिवस नळ नाही. टँकरचा भोंगा वाजला की सगळी गल्ली ड्रम घेऊन पळेल, ज्ञानेश्वरीसुद्धा पळेल, मग दगड उघडा झाला तरी बघायला कोण असेल? वच्छलाबाई रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिल्या. टँकर आला नाही.

मोठा पोपडा एकदम सुटला. ओवैसने ओल्या फडक्याने दगड पुसला.

“नाव कुठंय?” ज्ञानेश्वरीचा मोबाइल खाली आला.

“इथं जागा ठेवलीय, घोटून गुळगुळीत केलेली,” ओवैस बोट फिरवत म्हणाला. “दोन रेघा बी आखल्यात. अक्षरं सरळ यावीत म्हणून आखतात आधी. कोरायचं तेवढं राहिलं.”

रेघा? या रेघा त्यांना ठाऊक नव्हत्या. शेंदराचा पहिला हात फिरवला तेव्हा नजर वर, साहेबाच्या नावावर रोखलेली. खाली काय आहे ते बोटांनीही बघितले नव्हते. त्यांनी ताहेराकडे पाहिले.

“मेरे कू काय बघती?” ताहेरा म्हणाली. “आमचे ते म्हणायचे — भाभीका गुस्सा उतरेगा, तवा एक दिवसाचं काम हाय. जागा राहू दे.”

“मग सांगितलं का नायस?”

“तुला? तुझ्या तोंडाला कोण लागणार, वच्छला?”

गुलमंडीच्या बाजारात भेटला की, शिरखुर्म्याचा डबा द्यायला आला की, हबीबभाई जाता जाता थांबायचा. “भाभी, काही काम असलं तर सांगा.” दरवेळी तेच. आणि मी — मेला गिऱ्हाईक शोधतोय, असं समजून — आमच्या घरात कसलं आलंय दगडाचं काम, म्हणायचे. तो मान हलवायचा. जायचा. मरेपर्यंत विचारत होता तो, आणि मी प्रत्येक अमावास्येला...

ओवैसने खिशातून पेन काढला. “अम्मा, कागदावर लिहावं लागतं. नाव झिजून गेलं, असं लिहू का? जुन्या दगडांचं होतं तसं.”

भला माणूस. आयता रस्ता करून देत होता. ज्ञानेश्वरी लगेच मान डोलावू लागली, “झिजलंच असंल, आत्याबाई, किती वर्षं झाली...” आणि ताहेरा पुन्हा लसणाकडे वळली, तिने काही म्हटले असते तर बरे झाले असते.

वच्छलाबाईंनी शिवी शोधली. साहेब कधीच मेला होता. शहराला दिली तर शहराला ऐकू येत नाही. जिभेवर आलेली प्रत्येक शिवी फिरून त्यांच्याकडेच माघारी येत होती, आणि आत तिला कुणी अडवत नव्हते. त्यांना वाटले, यातल्या कुणीतरी — सुनेने, ताहेराने, या परक्या माणसाने — आता आपल्यावर ओरडावे, चारचौघांत, तोंड सोडून ओरडावे. त्या वाट बघत राहिल्या. पण एवढी हिंमत त्यांनी कुणात उरूच दिली नव्हती. सगळे आदराने गप्प होते.